सव्वीस आणि अठ्ठावीसच्या मधली गाडी

कारागांदा, १९ नोव्हेंबर २०१८

आदरणीय विहीणबाई रिस्कुल यांना ओराझबेकचा सलाम.

मी सुखरूप पोचलो. मुलांच्या नव्या घराचं जेवण थाटात झालं. इतकं मऊ घोड्याचं मांस मी गेल्या दहा वर्षांत खाल्लेलं नाही. ऐन जेवणात मी उठून गेलो आणि दीड तास परतलो नाही, याचा तुम्हाला राग आला असणार. मी परत आलो तेव्हा तुमच्या थोरल्या बहिणीने माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं. मला ऐकू येत नसलं तरी ओठ थोडेफार वाचता येतात. माझं पोट बिघडलंय असं त्यांना वाटलं होतं. पोट ठणठणीत होतं. मी तुमच्या इमारतीच्या तळघरात होतो.

आगीच्या खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस कुणाकडेही गेला की आधी जिना बघतो, मग तळघर. तुमच्या तळघरात बासष्ट गाड्या आहेत. दोन गाड्यांच्या मध्ये जेमतेम एक माणूस तिरका होऊन जाईल एवढी जागा, आणि त्या जागेत लोकांनी टायर रचलेत. एके ठिकाणी सोफा आहे. एकाने लोणच्याच्या काकड्यांच्या बरण्या फळ्यांवर मांडल्यात. बरण्या जळत नाहीत, फळ्या जळतात. तळघराचे दोन भाग करणारं लोखंडी शटर आग लागल्यावर आपोआप खाली यायला हवं. त्याच्याखाली विटा लावल्यात. छताला पाण्याचे स्प्रिंकलर आहेत, पण त्यांच्या तोंडांवर कोळ्यांनी संसार थाटलाय.

बेकारिसच्या सत्तावीस नंबरच्या जागेपाशी मी थांबलो नाही. ती गाडी अकरा वर्षं मीच चालवली आणि लग्नात पोराला दिली. तिच्यात बघण्यासारखं काही नाही.

तुम्ही त्या इमारतीच्या रहिवासी मंडळाच्या अध्यक्ष आहात, म्हणून तुम्हाला लिहिलं. फोन करू नये. फोनवर मला समोरचा माणूस जिवंत आहे एवढंच कळतं.

आपला,
ओराझबेक


अल्माटी, २ डिसेंबर

माननीय व्याहीबुवा,

पत्र पोचलं. तुमचं पोट ठीक होतं हे वाचून बहिणीला बरं वाटलं. तिने तुमच्यासाठी काढा करून ठेवला होता, तो शेवटी माझ्या जावयाला पाजला.

आमच्याकडे व्याही आले की त्यांना मानाच्या जागी बसवतात. ते तळघरात जाऊन बसले असं आमच्या घराण्यात पहिल्यांदाच घडलं. पाहुणे विचारत होते, "व्याही कुठे गेले?" मी काय सांगणार, टायर मोजतायत?

टायरांचं म्हणाल तर लोकांनी ते ठेवायचे कुठे? पलंगाखाली? सोफा एकोणीस नंबरच्या आजोबांचा आहे. त्यांची सून घरात बोलू देत नाही, म्हणून ते खाली जाऊन बसतात. तो उचला असं मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? विटा काढल्या तर शटर अधूनमधून उगाचच धाडकन खाली येतं आणि चार नंबरचं बाळ दचकून उठतं. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. वर्गात चाळीस पोरं सांभाळणं सोपं, बासष्ट गाडीवाले सांभाळणं अवघड. सहा वर्षं मी अध्यक्ष आहे, कारण दुसरं कुणी होत नाही.

पाण्याची काळजी नसावी. तपासणी दर महिन्याला होते आणि सर्व सुस्थितीत असल्याची नोंद होते.

नातवाला दोन दात आले.

रिस्कुल


कारागांदा, १४ डिसेंबर

आदरणीय विहीणबाई,

दातांबद्दल अभिनंदन. मानाची जागा सोडून गेलो, याची माफी मागतो. पुढच्या वेळी आधी मानाच्या जागी बसेन, मग खाली जाईन.

तुम्ही गणिताच्या बाई, म्हणून हिशेबात सांगतो. एक गाडी पेटली की पहिली काही मिनिटं ती एकटीच जळते. तेवढ्यात कुणी पाणी मारलं तर गोष्ट तिथेच संपते. तळघराचं छत बुटकं असतं, त्यामुळे उष्णता वर जाऊन निघून जात नाही. छताला आपटून आजूबाजूला पसरते. शेजारच्या गाडीला ज्वाळा लागावीच लागते असं नाही. तिचं प्लॅस्टिकचं बंपर मऊ पडतं, आरशाचं झाकण ओघळतं, टायर धुमसायला लागतो. पंधरा-वीस मिनिटांत दुसरी पेटते. तिसरीला तेवढा वेळ लागत नाही, चौथीला त्याहून कमी. पूर्वीच्या गाड्या लोखंडाच्या होत्या, आताच्या निम्म्या प्लॅस्टिकच्या आहेत आणि अंगाने फुगल्यात. जागा मात्र तेवढीच. पेट्रोलची टाकीही प्लॅस्टिकची. ती वितळली की पेटतं पेट्रोल जमिनीच्या उताराने धावतं, आणि जिथे जाईल तिथल्या गाडीला खालून धरतं. पाच-सहा गाड्या झाल्या की बंबवाल्यांनाही आत पाऊल टाकता येत नाही. मग ते वरची माणसं बाहेर काढतात आणि खालचं जळू देतात.

स्प्रिंकलरने बॉनेटखालची आग विझत नाही, पण शेजारच्या गाड्या भिजतात. भिजलेली गाडी लवकर पेटत नाही. एका गाडीची आग एका गाडीतच राहते. सगळा खेळ तेवढाच आहे.

म्हणून विचारतो. पाण्याच्या मुख्य पाइपावर, जिन्याखाली, एक लाल चाक आहे. त्या व्हॉल्व्हचं चाक मला बंद बाजूला फिरवलेलं दिसलं. तिथे दिवा नव्हता, माझी चूक असू शकते. तुम्ही स्वतः खाली जाऊन ते पाहिलंत का?

ओराझबेक


अल्माटी, २७ डिसेंबर

माननीय व्याहीबुवा,

तुम्ही माझ्या कामाची तपासणी करताय की माझी, एवढं स्पष्ट लिहा.

दर महिन्याच्या कागदावर "सर्व सुस्थितीत" असं लिहून खाली माझी सही आहे. सहा वर्षांचे बहात्तर कागद फायलीत क्रमाने लावलेत. कुणीही येऊन बघावेत. तुमच्या पत्राबद्दल मी मरझानशी बोलले. ती म्हणाली, "आई, सासरे म्हातारे झालेत, त्यांना रिकामपण खायला उठतं." बेकारिस म्हणाला, "बाबा लग्नाच्या हॉलमध्येही आमच्याऐवजी बाहेर पडायचं दार बघत होते." ही तुमचीच मुलं बोलतायत, मी नाही.

तिकडे थंडी फार असेल. प्रकृतीला जपावं आणि जमल्यास एखादा छंद लावून घ्यावा.

रिस्कुल


कारागांदा, ९ जानेवारी २०१९

आदरणीय विहीणबाई,

सर्व सुस्थितीत. हे वाक्य मी ओळखतो. ते माझंच आहे.

सतरा वर्षांपूर्वी मी तपासनीस होतो. एका इमारतीखालच्या गाड्यांच्या तळघराची तपासणी माझ्याकडे होती. मी गेलो तेव्हा बर्फ पडत होता. तिथल्या व्यवस्थापकाने वर, त्याच्या खोलीत, चहा मांडला होता. सोबत त्याच्या बायकोने तळलेले बाउरसाक, कणकेचे फुगलेले गोळे. तो आदराने म्हणाला, "अगाय, खाली काय बघायचंय? मागच्या वर्षीसारखंच आहे सगळं." बाउरसाक गरम होते. मी कागदावर "सर्व सुस्थितीत" लिहिलं, सही केली आणि आणखी एक कप घेतला. मी खाली गेलो नाही.

चार महिन्यांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, तिथे एक गाडी पेटली. पाण्याच्या टाकीत पाणीच नव्हतं. तेवीस गाड्या जळल्या. बंबाबरोबर मीही गेलो, कारण ते तळघर कुणीच तपासलं नव्हतं हे मला माहीत होतं. एका गाडीतली गॅसची टाकी फुटली. लोक समजतात, माझे कान एकतीस वर्षांच्या भोंग्यांनी गेले. ते त्या एका आवाजाने गेले. तिथला पहारेकरी तोक्तार शटर हाताने ओढायला आत पळाला होता. शटर अर्ध्यावर आलेलं सापडलं, आणि तो त्याच्यापाशी.

तो कागद व्यवस्थापकाच्या खोलीत जळून गेला. चौकशीत कुणी मला काही विचारलं नाही. उलट जखमी झालो म्हणून पदक दिलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायको होती तोवर तिलाही नाही.

तुम्हाला काही करायला सांगत नाही. छंद लावून घ्या म्हणालात, तर माझा छंद हा आहे.

ओराझबेक


अल्माटी, ३ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

इतके दिवस उत्तर लिहिता आलं नाही.

व्हॉल्व्ह बंद होता. तुमची नजर चुकली नव्हती. दोन वर्षांपूर्वी गेन्नादी पेत्रोविच यांच्या काळ्या गाडीवर पाइपातून पाणी ठिबकलं आणि रंगावर डाग पडला. त्यांनी तीन पानी तक्रार दिली. दुरुस्तीला माणूस मिळेना, म्हणून मीच म्हटलं, तात्पुरता बंद करा. मग ते तात्पुरतं राहून गेलं. तपासणीला मी कधीच खाली जात नव्हते. मला तळघराचा वास सहन होत नाही, आणि कागद तर टेबलावरच असायचा. बहात्तरच्या बहात्तर कागद टेबलावरचे आहेत.

तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी खाली गेले. चाक माझ्याने हलेना. प्लंबर आणला, त्याने हातोडी मारून उघडलं. पाइपातून असा काही आवाज आला की एकोणीस नंबरचे आजोबा सोफ्यावरून उठून उभे राहिले. तोट्यांची तोंडं साफ करून घेतली, दोन सांधे बदलले. शटरची मोटर दुरुस्त केली, मग विटा काढल्या. आजोबांना मी माझ्या ऑफिसात खुर्ची दिलीय. ते रोज येतात आणि सुनेबद्दल सांगतात. टायरवाले ऐकत नाहीत. मी नोटीस लावली, कुणीतरी तिच्यावर फोन नंबर लिहून "टायर विकणे आहे" असं केलं.

व्हॉल्व्ह बंद होता हे रहिवाशांना सांगितलेलं नाही. धीर होत नाही.

सोबत घोड्याच्या मांसाची कझी पाठवतेय. घरची आहे.

रिस्कुल

गेन्नादी पेत्रोविच यांच्या गाडीवर पुन्हा तीन थेंब पडले. त्यांनी मोजलेत.


कारागांदा, १२ फेब्रुवारी

आदरणीय विहीणबाई,

कझी संपली. शेजाऱ्याला देणार होतो, मग विचार बदलला.

माझ्या वीसेक हजार तपासण्यांत दुसऱ्याच्या सांगण्यावरून चाक फिरवणारी माणसं मला चार भेटली. तुम्ही पाचव्या. गेन्नादी पेत्रोविच यांना माझा सलाम सांगा, आणि गाडीला ताडपत्री घाला म्हणावं. नको, ताडपत्री जळते. काही घालू नका म्हणावं.

ओराझबेक


अल्माटी, ११ मार्च

व्याहीबुवा,

सगळ्यात आधी: सगळे सुखरूप आहेत. हे वाक्य दोनदा वाचून मग पुढे वाचा.

रविवारी, ३ तारखेला, सकाळी अकराच्या सुमाराला तळघरात आग लागली. मी ऑफिसात आजोबांचं ऐकत होते. ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "बाई, कुणाचं तरी लोकरीचं काहीतरी जळतंय." तेवढ्यात घंटा वाजली. मी जिन्याने खाली गेले. खालचं दार उघडलं तर छताला काळा धूर लोंबत होता, माझ्या डोक्याच्या जरा वर. धुरामागे केशरी उजेड होता. शटर खाली येत होतं, हळूहळू, करकरत, आणि टेकेपर्यंत आलं. मग टायर फुटल्याचा आवाज झाला. मी दार लावून घेतलं. शहाणपण म्हणून नाही, घाबरले म्हणून.

मरझान तिसऱ्या मजल्यावर बाळाबरोबर एकटी होती. बेकारिस नुकताच तिला गाडीने घरी सोडून ब्रेड आणायला चालत गेला होता. ती लिफ्टपाशी आली. लिफ्टच्या फटीतून धूर येताना दिसला, तशी जिन्याने उतरली. अंगात घरचा झगा, पायात बेकारिसचे बूट, एक उजवा आणि दुसराही उजवा. बाळ तिच्या खांद्यावर हसत होतं. अंगणात बर्फात मी दोघांना धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मरझान म्हणाली, "आई, श्वास घेऊ दे."

बंब चौदा मिनिटांत आला. त्यांचा प्रमुख खाली जाऊन आला आणि म्हणाला, "बाई, पाणी चालू होतं म्हणून तुमची इमारत उभी आहे." सव्वीस नंबरच्या गाडीचं एका बाजूचं दार करपलं. अठ्ठावीसचं बंपर लोंबलं आणि आरसा ओघळला. पण दोन्ही चिंब भिजल्या होत्या, पेटल्या नाहीत. शटरपलीकडच्या एकतीस गाड्यांवर काजळीसुद्धा नाही. गेन्नादी पेत्रोविच यांची गाडी स्वच्छ धुऊन निघाली.

तुम्हाला लवकर कळवायचं होतं, पण चार पत्रं लिहून फाडली.

रिस्कुल


कारागांदा, १८ मार्च

आदरणीय विहीणबाई,

ते वाक्य मी दोनदा नाही, बरेचदा वाचलं. मग बाकीचं वाचलं.

तुमच्या पत्रात आग कुठवर पोचली ते आहे. कुठून निघाली ते नाही. एवढ्या वर्षांत मी अनेक अहवाल वाचले. विसराळू माणूस वेळ विसरतो, नाव विसरतो. आग कुठे लागली ते कुणी विसरत नाही. लपवतात मात्र.

सव्वीसचं दार करपलं, अठ्ठावीसचं बंपर लोंबलं. विहीणबाई, तुम्ही तीस वर्षं गणित शिकवलंत. सव्वीस आणि अठ्ठावीसच्या मध्ये काय येतं?

आजोबांना लोकरीचा वास आला. ती लोकर मी ओळखतो. आमच्याकडे हिवाळ्यात उणे तीसमध्ये गाडी चालू होत नाही, म्हणून लोक इंजिनवर जाड नमदा घालतात. त्या गाडीचा नमदा मी स्वतः कापला होता, आठ वर्षांपूर्वी. गाडी पोराला दिली तेव्हा तो काढायचा मनात आलंच नाही. अल्माटीच्या उबदार तळघरात त्याची काहीच गरज नाही. बॉनेटखाली घसरून तो गरम पाइपावर पडला असणार. मी तुमच्या तळघरातल्या एकसष्ट गाड्या पाहिल्या. एका गाडीपाशी थांबलो नाही, कारण ती घरची होती. पुन्हा तेच केलं, विहीणबाई. चहा नव्हता, बाउरसाक नव्हते, तरीही.

बेकारिसला मी संदेश पाठवला होता. त्याने उत्तरात लिहिलं, "गाडी विकली, बाबा." म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत.

आता लपवू नका. इमारतीतले लोक मुलांना काय म्हणतात? घर सोडा म्हणतायत का? मी येतो. सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो की नमदा माझा होता. ते जे बोलतील ते मला ऐकू येणार नाही, ही एक सोय आहे.

ओराझबेक


अल्माटी, २ एप्रिल

व्याहीबुवा,

सत्तावीस येतं. मुलांना गप्प राहायला मीच सांगितलं. तुम्ही आयुष्यभर एक ओझं वाहताय, त्यावर दुसरं कशाला, असं वाटलं. मी तुम्हाला ओळखायला चुकले.

लोक बोलत होते. सूचनांच्या फळ्यावर कुणीतरी लिहिलं, "२७ नंबरने घर खाली करावं." सव्वीसवाल्या बाई मरझानशी लिफ्टमध्ये बोलेनाशा झाल्या. म्हणून शनिवारी मी सभा बोलावली. एरवी नऊ माणसं येतात, या वेळी खुर्च्या कमी पडल्या.

तुमचं पत्र पर्समध्ये होतं, पण काढलं नाही. मी म्हटलं, आग माझ्या जावयाच्या गाडीत लागली, त्यात नमदा होता, तो त्याने काढायला हवा होता. तो तुमच्यासमोर बसलाय, विचारा त्याला. आणि आता माझं ऐका. पाण्याचा व्हॉल्व्ह दोन वर्षं बंद होता, यंदा जानेवारीअखेर उघडला. मीच बंद करवला. आणि त्या दोन वर्षांच्या प्रत्येक महिन्याच्या कागदावर सगळं ठीक असल्याची माझी सही आहे. फाइल ही घ्या.

फाइल हातोहात फिरली. मग गेन्नादी पेत्रोविच उठले. म्हणाले, "म्हणजे ही आग जानेवारीत लागली असती तर?"

"तर तुमची गाडी राहिली नसती," मी म्हटलं. "तुम्ही दुसऱ्या मजल्यावर आहात. घराचंही सांगता येत नाही."

त्यांनी फाइल मिटून माझ्याकडे दिली. मग म्हणाले, "तीन थेंबांची तक्रार मागे घेतो." आणि बसले.

मी राजीनामा टेबलावर ठेवला आणि विचारलं, दर महिन्याला खाली जाऊन चाकाला हात लावून बघायला कोण तयार आहे? एकाने दुसऱ्याचं नाव सुचवलं, दुसऱ्याने तिसऱ्याचं. शेवटी सव्वीसवाल्या बाई म्हणाल्या, "हिने एवढं कबूल केलं, आता ही तरी खोटं लिहिणार नाही. दुसरं कोण आणायचं?" राजीनामा मंजूर झाला नाही. मुलांच्या घराचा विषय कुणी काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरापेटीपाशी अकरा नमदे पडले होते. सभेत "आजकाल नमदा घालतं कोण?" असं सगळ्यात मोठ्याने विचारणारे गृहस्थ बारावा घेऊन येताना मला दिसले. मी दुसरीकडे बघितलं.

ही झाली तुमच्या प्रश्नांची उत्तरं. त्या कागदाचं आणि तोक्तारचं मी कुणाला सांगितलेलं नाही. ते कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा. मला एवढंच म्हणायचंय की सांगितल्यावर मी घरी आले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

येतो म्हणालात, तर याच. पण माफी मागायला नको. काल नातवाने कपाट सोडलं आणि दोन पावलं टाकली. तिसऱ्याला बसला. आता त्याच्या पायांना दोरी बांधून कापायचा सोहळा करायचा. मूल ज्याच्या चालीवर जावं असं वाटतं, त्याच्या हातून दोरी कापतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. आमच्याकडचे लोक एका मंत्रालयातल्या साहेबांचं नाव सुचवत होते. मरझान म्हणाली, "सासऱ्यांना बोलवा. ते जेवण सोडून खाली जाऊन बघतात."

माझ्या बहिणीने शंका काढली की तुमचा डावा गुडघा धरतो, मूल लंगडायला लागेल. मी तिला म्हटलं, लंगडू दे.

२० तारखेला या. सुरीला धार लावून ठेवतेय.

तुमची विहीण,
रिस्कुल